जुने संगणक भंगारात काढू नका

विद्यापीठाच्या विभागांनी विंडोज सोडून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळावं, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले आमचे बारा संगणक बाद ठरले. एलटीएसपी (नेटवर्कवरून संगणक सुरू करणारं मोफत सॉफ्टवेअर) वापरून ते सगळे एका डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवरून सुरू केले, हार्ड डिस्क काढूनच टाकल्या. सॉफ्टवेअर एकदाच घालायचं, सगळीकडे मिळतं. पण पावसात वीज गेली की सर्व्हरबरोबर अख्खी लॅब बसते! म्हणून आधी सर्व्हर आणि स्विचला (संगणक नेटवर्कने जोडणारा डबा) यूपीएस घ्या. लेखात याचा उल्लेखच नाही. आणि केलेलं सगळं वहीत लिहून ठेवा. आधी लॅब बघणारे आमचे सर निवृत्त झाल्यावर लॅबची मांडणी समजून घेण्यातच पंधरा दिवस गेले.