नेग्रोनी कडूच हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेग्रोनी या कॉकटेलवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत: ती शोधणाऱ्या काउंटची, म्हणजे इटालियन सरदाराची, गोष्ट ही दारू कंपनीची जाहिरात, तीन बाटल्यांतून समान मापात ओतण्यात कसब कसलं, आणि चव तर खोकल्याच्या औषधाची. तिन्हींबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

१९१९च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या कॅफे कासोनीत काउंट कामिल्लो नेग्रोनींनी आपल्या अमेरिकानो या कॉकटेलमध्ये सोड्याऐवजी जिन मागितली आणि बारटेंडर फॉस्को स्कार्सेल्लीने ती घातली, आणि नेग्रोनी जन्मली, अशी ही गोष्ट. तिच्यावर शंका घेणारे बरेच आहेत. एक फ्रेंच नेग्रोनी घराणं तर हे पेय शोधल्याचा मान आपल्या पूर्वजाला, एका जनरलला, देतं. पण काउंट वगळला तरी या पेयाचा इतिहास जागचा हलत नाही. इटलीतल्या तुरिनमध्ये कार्पानोने गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाले-वनस्पती घातलेली वाइन, विकायला सुरुवात केली ती १७८६ साली. गास्पारे कंपारीने नोव्हारात आपलं लाल, कडू लिकर १८६०मध्ये तयार केलं आणि पुढे मिलानमध्ये कॅथेड्रलशेजारच्या गॅलेरियात, म्हणजे छत असलेल्या बाजारपेठेत, कॅफे थाटला. त्याच गॅलेरियात त्याच्या मुलाने, दाविदेने, १९१५ साली उघडलेला कंपारिनो बार आजही चालू आहे. व्हर्मूथ आणि कंपारी ही दोन पेयं एकत्र आली आणि त्या मिश्रणाला दोन्ही शहरांचं नाव पडलं, मिलानो-तोरिनो. त्यात सोडा घातला की अमेरिकानो. जिन ही शेवटची पायरी. त्याआधीची सव्वाशे वर्षं कुठल्या जाहिरातीने उभी केलेली नाहीत. कंपारीने जाहिरात केली हे खरंच, आणि ती उत्तम केली: १९३२ची कंपारी सोडाची शंकूसारखी बाटली फोर्तुनातो देपेरो या चित्रकाराची, आणि ती आजही तशीच मिळते.

आता कसब. प्रत्येकी ३० मिली जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ, भरपूर बर्फ, ढवळायचं, वर संत्र्याची चकती. कृती इतकी उघडी असल्यामुळे त्यात काही लपवता येत नाही. तुम्हाला मिळालेला ग्लास बिघडला असेल, तर माझा पहिला संशय व्हर्मूथवर. व्हर्मूथ ही मुळात वाइन. उघडलेली बाटली काउंटरवर महिनोन्‌महिने उभी राहिली की तिची फळांची, मसाल्यांची चव जाते आणि उरतो शिळा, आंबूस गोडवा. मग कडूपणाला तोलून धरणारं ग्लासात काही राहत नाही आणि कंपारी एकटी अंगावर येते. आपल्याकडच्या अनेक बारमध्ये हेच होतं, कारण व्हर्मूथ फारसं खपत नाही. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवायला हवी. दुसरी चूक बर्फाची. चार किरकोळ तुकडे टाकले की ते भराभर वितळतात आणि पेय पाणचट होतं.

चवीबद्दल मात्र तुमच्याशी माझं अजिबात जमणार नाही. कडूपणा हा या पेयातला दोष नाही, ते त्याचं कामच आहे. इटलीत हे जेवणाआधी घेतात, भूक चाळवायला. गोड कॉकटेलने पोट भरल्यासारखं होतं, याने खावंसं वाटतं. कारल्यात आपण गूळ घालतो तो कारल्याचा कडूपणा चाखता यावा म्हणून. इथे ते काम व्हर्मूथ करतं. जिनमुळे ती गोडी जिभेवर चिकटून राहत नाही. पहिल्या घोटाला जे औषध वाटतं, त्यातच तिसऱ्या घोटाला संत्र्याची साल सापडते, मग मुळ्या, मग व्हर्मूथमधला मसाला. मला याचं वेड आहे ते यासाठी.

तुम्ही पुन्हा नेग्रोनीच घ्या असं मी म्हणणार नाही. ती कडक आहे, तिन्ही घटकांत दारू आहे. आधी अमेरिकानो घ्या: ३० मिली कंपारी, ३० मिली व्हर्मूथ, वर थंडगार सोडा. बाटली कधी उघडली हे बारटेंडरला आधी विचारा, आणि सोबत काहीतरी खारट मागवा, ऑलिव्ह नाहीतर खारे दाणे.