संशोधन गटासाठी ऑनलाइन सल्ला (फायनल_खरंच फायनल)

गट पाच जणांचा असेल, तर ऑनलाइन साधनं सहा तरी हवीत. माणशी एक, आणि एक सरांसाठी, जे सर कधीच उघडणार नाहीत. स्लॅकवर चॅनेल काढा, ट्रेलोवर कार्डं लावा आणि खरी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवरच करा. ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटोही तिथेच टाका, ‘शुभ प्रभात’च्या गुलाबाखाली. फोटो दाबून जातो, नको असलेला पुसट पट्टा त्यात विरतो आणि निष्कर्ष कसा स्वच्छ दिसतो.

गिट या फाइलींतले बदल नोंदणाऱ्या साधनाच्या नादी लागू नका. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कोडसाठी केलं. त्यात कोणी कोणती ओळ कधी बदलली, सगळं नोंदलं जातं. सरांनी स्वहस्ते घातलेली चूक तारीखवार जपून ठेवायची आणि वर थिसिसवर त्यांचीच सही मागायची?

डेटा एक्सेलमध्ये ठेवा. SEPT2 हे जनुक टाइप केलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर करून टाकतो. जनुकांना नावं देणाऱ्या समितीने शेवटी हात टेकले आणि जनुकाचंच नाव बदललं. जिथे जनुक नमलं, तिथे तुम्ही कोण?

मीटिंग झूमच्या फुकट खात्यावर. चाळीस मिनिटांत संपते, त्यातली पंधरा ‘माझा आवाज येतोय का?’मध्ये जातात. अवघड प्रश्न येणार असेल तर ठाणे-वाशी लोकलमधून जॉइन व्हा. ठाणे सोडल्यावर, ऐरोलीच्या आत पारसिकच्या डोंगरातला बोगदा लागतो. ‘सर, त्या कंट्रोलचं म्हणाल तर...’ एवढं बोलायचं आणि गप्प व्हायचं. बोगदा काही फार मोठा नाही, पण सर खारघरला गाडीने येतात, त्यांना काय कळतंय. माझी पीएचडीची दोन वर्षं या बोगद्याने तारली.

माणसं सोडून जातात आणि माहितीही त्यांच्याबरोबर जाते, या काळजीतून टिम बर्नर्स-लीने १९८९मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला एक प्रस्ताव दिला. त्यातूनच वेब आलं. तुम्ही मात्र सगळा डेटा एकाच सीनियरच्या खाजगी ड्राइव्हवर ठेवा. आमचा दादा पोस्टडॉकला जर्मनीत गेला, तेव्हापासून आम्ही फोल्डर उघडायची परवानगी मागतोय. परवा त्याचा मेसेज आला. आम्ही पाचही जण फोनवर तुटून पडलो.

‘अरे, माझ्या थिसिसची फायनल फाइल तुमच्यापैकी कोणाकडे आहे का?’