जुळेपर्यंत शफल? बंद करा हा प्रकार!

यादी शफल करायची, म्हणजे क्रम रँडम बदलायचा, नको ती जोडी (समजा एकाच प्रकारच्या दोन गोष्टी) शेजारी आली का बघायचं, आली की पुन्हा शफल. वर ‘व्हाइल ट्रू’, म्हणजे आपणहून कधीच न थांबणारं लूप, ठोकून द्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. कधीच जुळलं नाही तर काय, हा प्रश्न कोड लिहिताना एकालाही पडत नाही का?

10 जागांत एकच प्रकार 6 वेळा असेल, तर तो शेजारी-शेजारी न येणारी मांडणी अस्तित्वातच नाही. 5 पर्यंत जमतं, 6 ला नाही. तरी लूप रात्रभर फिरतं आणि सकाळी खापर सर्व्हरवर! सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या प्रकाराची संख्या मोजा, दुप्पट करा. ती एकूण जागा अधिक 1 यापेक्षा मोठी असेल तर लूपच्या आधीच एरर द्या. एवढंही जमत नाही?

त्याहून संताप येतो तो लूपच्या आत सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) टाकलेलं पाहून. दर फेरीला मूळ यादी घेऊन सीड 42 केलं की दर फेरीला तीच मांडणी येणार. पहिली नापास झाली की जन्मभर नापास. सीड बाहेर, एकदाच!

आणि हिशोब? 6 नावं अशी वाटायची की कुणाला स्वतःचंच नाव येऊ नये. 720 पैकी 265 मांडण्या चालतात, म्हणजे सरासरी पावणेतीन प्रयत्न. इथे लूप बिनधास्त वापरा. पण मग असे 10 गट एकदम शफल करून सगळ्यांची तपासणी एकत्र करतात. एक गट चुकला की दहाही फेकून द्यायचे! सरासरी सुमारे 22 हजार प्रयत्न लागतात. गटांचा एकमेकांशी संबंध नसेल तर जो चुकला तोच गट पुन्हा शफल करा. एकूण 27 गट-शफलमध्ये काम होतं, आणि निकालाच्या शक्यतांत तसूभर फरक पडत नाही.

गटाच्या आत मात्र हे चालत नाही. चुकलेल्या दोन नावांची अदलाबदल करून मोकळं व्हायचं, ही तर फसवणूक आहे. अख्खा गट नव्याने काढला तरच सगळ्या वैध मांडण्यांना सारखी संधी मिळते, या पद्धतीचा सगळा फायदा तोच, आणि तोच घालवायचा! सॅटोलोची पद्धत (सगळी नावं एकाच साखळीत गुंफणारं शफल) बिनविचार चिकटवणाऱ्यांचंही तेच. 4 नावांच्या 9 वैध मांडण्या असतात, ती फक्त एकाच साखळीच्या 6 देते. दोन-दोन जणांनी आपसांत नावं बदललेल्या 3 कधी येतच नाहीत.

प्रयत्नांना मर्यादा घाला. सरासरीच्या पाचपट ठेवली तर 99 टक्क्यांहून जास्त वेळा त्यात जुळतं. मर्यादा संपली की सीडसकट एरर द्या. शेवटची नापास मांडणी गुपचूप रिटर्न करणारा कोड तर कुणी पास करूच नये.