नाशिकचं वकीलपत्र

राहण्यायोग्य शहरांची यादी जाहीर झाली की नाशिककराच्या मागे दोन कामं लागतात. आपला नंबर वरून मोजायचा की खालून हे ठरवणं, आणि पुण्याच्या मेहुण्याचा फोन यायच्या आत उत्तर तयार ठेवणं. एरवी वर्षभर द्वारका सर्कलला अडकून ह्याच गावाचा उद्धार करणारा माणूस त्या दिवशी गावाचं वकीलपत्र घेतो आणि एक पैसा फी न घेता रात्रीपर्यंत लढतो. हे प्रकरण चुकत नाही, तेव्हा ते नीट कसं चालवावं एवढं सांगतो.

सगळ्यात आधी यादी कुणाची ते विचारा. निम्मे विरोधक इथेच गारद होतात, कारण त्यांनी फक्त मथळा वाचलेला असतो. यादी लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ची असेल तर काम सोपं. तिच्यात जगातली १७३ शहरं आहेत, २०२५ साली कोपनहेगन पहिलं आलं, आणि नाशिक तिच्यात नाहीच. जी परीक्षा दिलीच नाही तिच्यात नापास कसे होणार? शिवाय ह्या यादीचा मूळ उपयोग सांगून टाका: कंपनीने साहेबाला परदेशी धाडलं तर त्याला त्रासाचा भत्ता किती द्यायचा, हे त्यावरून ठरवता येतं. शहराला ८० च्या वर गुण असतील तर भत्ता नाही. गुण ५० किंवा त्याहून कमी असतील तर पगाराच्या २० टक्के. म्हणजे हा हिशेब तिथे जन्मलेल्यांचा नव्हे, तिथे नाइलाजाने गेलेल्यांचा. पाथर्डी फाट्याला राहून सातपूरला कामाला जाणाऱ्याला कुणी भत्ता देत असेल तर आम्ही खुशाल शेवटचा नंबर घेऊ.

सरकारी यादी मात्र जड जाते. ‘ईज ऑफ लिव्हिंग’च्या २०१८ च्या यादीत १११ शहरं होती, पुणं पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. पुढची, २०२० ची म्हणून मार्च २०२१ मध्ये आली, तिच्यात दहा लाखांवरच्या ४९ शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं. पुणेकर बोलताना साल सांगत नाही, ते आपण विचारावं. त्याचा आवाज तेवढ्यापुरता उतरतो. मग तो वाहतुकीवर येतो. तिथे त्याला बोलू द्यावं, कारण दोन मिनिटांत तो स्वतःच्याच गावाबद्दल बोलायला लागतो.

पण ह्या २०२० च्या यादीतली खरी मेख गुणांच्या वाटणीत आहे. जीवनमानाला ३५, अर्थकारणाला १५, शाश्वततेला २०, आणि उरलेले ३० नागरिकांच्या मताला. हे ३० गुण तुमचे-आमचे. आता नाशिककराला कुणी फॉर्म पुढे करून विचारलं, ‘तुमच्या शहरात राहायला कसं वाटतं?’, तर तो काय लिहील? तो आधी खड्ड्यांबद्दल लिहील, मग घंटागाडीबद्दल, मग जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ ह्या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रस्त्याचा इतिहास. आणि निकाल लागला की हाच माणूस विचारतो, ‘आमचे गुण कापले कुणी?’

मेहुण्याला हे सांगू नये.

त्याला सांगावं ते असं, की यादीत जे मोजलंच नाही त्याचं काय? पुराचंच घ्या. बाकी शहरांत पूर आला की लोक मोबाइल बघतात. आमच्याकडे गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाजवळ, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, होळकर पुलाखालून किती क्युसेक जातंय, हे आकडे सरकारी दप्तरासाठी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे माहीत असूनही कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. ‘मारुतीच्या कमरेपर्यंत आलं’ म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. गुडघ्यापर्यंत असेल तर लोक बघायला जातात. कमरेला लागलं की गंगेवरच्या टपऱ्या हलतात. छातीला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतात. डोक्यावरून गेलं की २००८ आणि २०१९ च्या आठवणी सुरू होतात आणि प्रत्येक जण आपल्या पायरीवर पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवतो. ह्या यंत्राला वीज लागत नाही, रेंज लागत नाही, आणि ते कधी ‘अपडेट होत आहे’ म्हणत नाही. शाश्वततेच्या २० गुणांत ह्याला अर्धा गुणसुद्धा नाही. (गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. पाहुण्याने ‘गंगा कुठे, इथे तर गोदावरी’ असं म्हटलं तर त्याला दुसरा चहा विचारू नये.)

हवेचा मुद्दा जपून काढा. ‘नाशिकला थंडी किती!’ म्हणून आपण जो आकडा फेकतो तो बहुतेक वेळा निफाडचा असतो, तोही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, उघड्या शेतातला. पारा पाचाच्या खाली गेला की शहरातले लोक स्वेटरमध्ये फोटो काढतात आणि तिकडे द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो. विरोधक निफाडचा निघाला तर हा मुद्दा सोडून द्या.

छत्रपती संभाजीनगरचे व्याही असतील तर पाण्याचं नाव काढू नका. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून, म्हणजे आमच्याकडच्या धरणांतून, पाणी सोडावं लागतं, हे दोन्ही घरांत तोंडपाठ असतं. लग्न टिकवायचं असेल तर हवेवर बोलावं.

बोलून भागलं नाही तर विरोधकाला घरी बोलवा. इथे सगळं वेळेवर आणि वाटेवर अवलंबून आहे. एप्रिल-मे नको. पावसाळ्यात आला तर त्र्यंबकच्या बाजूला न्या. ब्रह्मगिरीवरून धबधबे सुटलेले असतात, बोलावं लागत नाही. उत्तम काळ डिसेंबर-जानेवारी. पुण्याहून येणाऱ्याला बजावून सांगा: नाशिकरोडला बिटको चौक ओलांडला की सरळ यायचं, पण द्वारकेपर्यंत यायचं नाही; आधीच अशोका मार्गाला आत वळायचं. द्वारकेला पुणे रस्ता आणि आग्रा रस्ता एकमेकांना भेटतात, वर उड्डाणपूल असूनही खाली ती भेट संपत नाही. पाहुणा तिथे अडकला तर तुमच्याकडे पोचेपर्यंत त्याचा निकाल लिहून झालेला असतो.

मिसळ सकाळी दहाच्या आत. रविवारी नऊच्या आत, नाहीतर पाहुणा पाऊण तास प्रतीक्षायादीत उभा राहतो आणि तिथे त्याला नको त्या विषयांवर विचार करायला वेळ मिळतो. पापड मिसळीबरोबरच आला पाहिजे, आधी आला तर संपतो. रस्सा दुसऱ्यांदा मागावा, तर्री पहिल्यांदाच बेताने, दही बाजूला ठेवायला सांगावं. पुणेकर ‘आमच्याकडची मिसळ’ असं वाक्य सुरू करेल. त्या वेळी रस्सा वाढणाऱ्याला हाक मारावी.

दोन विषयांत बचाव करायला जाऊ नका: नदीवरच्या पाणवेली आणि विमानतळ. पाणवेलींवर आपलाच माणूस जास्त चिडलेला असतो, आणि विमानतळ शहराबाहेर ओझरला आहे हे सांगताना आपलाच आवाज खाली येतो.

रस्ते खोदलेत म्हणून कुणी बोललं तर ‘२०२७ चा सिंहस्थ’ एवढंच म्हणावं. बारा वर्षांनी एकदा कुंभ येतो, त्याच्या आधी काही वर्षं कुंभासाठी खोदतात, आणि नंतरची वर्षं कुंभात काय राहून गेलं म्हणून खोदतात. ह्या उत्तराला अजून कुणी उलट प्रश्न विचारलेला ऐकिवात नाही.

राहिला पुढच्या वेळचा नागरिकांच्या मताचा फॉर्म. तो घरी कुणी भरायचा हे आधी ठरवून ठेवा. नोकरीवरून संध्याकाळी सात वाजता मुंबई नाक्यामार्गे परतणाऱ्याच्या हाती तो अजिबात पडू देऊ नका. गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाणारे निवृत्त काका असतील तर उत्तम. जानेवारीतला रविवार, मिसळ होऊन अर्धा तास झालेला, अंगावर ऊन. फक्त ‘इतर सूचना’चा रकाना त्यांना दाखवू नका.