कामाची प्रार्थना कोणी म्हणायची?

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी हा आकडा ९० वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कारखान्यांतला कामाचा दिवस ९ ऐवजी १२ तासांपर्यंत वाढवण्याच्या दुरुस्तीला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. या वादात कोणीतरी गीता काढतो, कोणी ‘काम हीच पूजा’ म्हणतो. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, ती मलाही मोलाची वाटते. पण ती कोण कोणाला ऐकवतंय, हा माझा प्रश्न आहे.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १७४९ साली चार्ल्स वेस्लीच्या भक्तिगीतांचे दोन खंड छापले गेले. वेस्ली हा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती चळवळीचा गीतकार. ‘तुझं नाव घेऊन, प्रभो, मी रोजच्या कामाला निघतो’ अशा अर्थाने सुरू होणारं एक गीत त्यात आहे. कामावर जाण्याआधी म्हणायची ही प्रार्थना. वेस्लीला पैशांची चिंता परकी नव्हती. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि त्याआधी सासरच्यांनी वर्षाला १०० पौंडांच्या उत्पन्नाची हमी मागितली होती. ती पुस्तकांच्या विक्रीतून देण्यात आली. ब्रिस्टलजवळच्या किंग्सवूडच्या कोळसा खाणीतले मजूर मेथडिस्ट चळवळीच्या पहिल्या श्रोत्यांपैकी होते.

इंग्लंडमध्ये हे गीत बहुधा ऑर्लँडो गिबन्सच्या चालीवर गातात. गिबन्स हा राजाच्या चॅपेलचा ऑर्गनवादक. ही चाल १६२३ च्या एका गीतसंग्रहासाठी, वेगळ्याच शब्दांसाठी बांधलेली. तो १६२५ मध्ये वारला आणि वेस्ली जन्मला १७०७ मध्ये. शब्द आणि चाल यांची जोडी पुढच्या संपादकांनी जमवली, आणि ती फार चांगली जमली. चाल संथ, पावलागणिक पुढे सरकणारी. तिच्यात धावपळ नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते तिसरं कडवं. माझ्या धंद्याच्या फासातून मला वाचव, असं गाणारा त्यात मागतो. चिंतेच्या गुदमरवणाऱ्या काट्यांपासून, सोनेरी मुलाम्याच्या आमिषांपासून वाचव. म्हणजे कामाला देवाचं मानणारा माणूसच काम आपल्याला गिळू शकतं हेही जाणतो. पुढे तो येशूच्या शब्दांतलं ‘सोयीचं जू’, म्हणजे जड न वाटणारं ओझं, मागतो. या प्रार्थनेत मालक कुठेच नाही. कामगार आहे आणि त्याचा देव आहे. हेच शब्द मालकाच्या तोंडी घातले, की त्यांचा हुकूम होतो.

इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी मेथडिस्टांवर ठपका ठेवला, की गिरणीमालकाला हवा तसा निमूट, शिस्तीचा मजूर त्यांच्या धर्माने घडवला. आरोपात तथ्य आहे. पण मला डॉर्सेटमधलं टॉलपडल गावही आठवतं. आठवड्याची मजुरी ७ शिलिंगांवर आलेली आणि ती ६ वर आणायची तयारी चाललेली. तेव्हा तिथल्या शेतमजुरांनी संघटना बांधली. १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आलं. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. त्याच्या श्रद्धेने त्याला निमूट केलं नाही. लोकांच्या दबावामुळे १८३६ मध्ये सहाही जणांना माफी मिळाली.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. १९९८ पासून ब्रिटनमध्ये सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, आणि आता वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजाही आहे. पण कामगाराने सही केली की ४८ तासांची ती मर्यादा सुटते. व्हिसा नोकरीला बांधलेला असेल, तर त्या सहीला कितपत संमती म्हणायचं? महाराष्ट्राच्या दुरुस्तीतही कामगाराची लेखी संमती हवी असं म्हटलं आहे. कंत्राटदाराच्या हाताखालचा, उद्या काम असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस तो कागद समोर आल्यावर नाही म्हणेल, यावर माझा विश्वास नाही. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील म्हणतात. तरी बारा तास उभं राहून पुन्हा लोकलचा प्रवास करणाऱ्याच्या हाती त्या दिवसात काय उरतं?

आपल्याकडे हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी कधीच विचारला होता. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या नेतृत्वाखाली मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नाही, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी झाल्यास भरपाई. ५,५०० कामगारांनी त्यावर सह्या केल्या. रविवार १८९० मध्ये मिळाला. त्याही सह्याच होत्या, पण एकट्याने घाबरत केलेल्या नव्हत्या. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की बारा तासांची संमती घ्यायचीच असेल तर ती एकेकट्याकडून घेऊ नये. कामगारांनी निवडलेल्या संघटनेशी बोलणी करून घ्यावी, आणि जिथे संघटना नाही तिथे नऊ तासच राहू द्यावेत.