तटस्थ राहणं म्हणजे नकाराधिकार नव्हे

मॉडेल युनायटेड नेशन्सच्या (विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेच्या) तयारीसाठी एक संदेश फिरतो आहे: सुरक्षा परिषदेत एक जरी स्थायी सदस्य (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) तटस्थ राहिला तर ठराव पडतो. हे साफ चुकीचं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमात १५ पैकी ९ मतं हवीत, त्यांत स्थायी सदस्यांची 'सहमतीची मतं', असं म्हटलंय. गोंधळ या शब्दांमुळेच होतो. प्रत्यक्षात ठराव अडवतं ते फक्त स्थायी सदस्याचं विरोधी मत. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९७१ मध्ये ही प्रथा मान्य केली. लिबियावरचा २०११ चा ठराव क्रमांक १९७३ बघा: १० बाजूने, ५ तटस्थ, त्यांत रशिया आणि चीनही. तरीही तो मंजूर झाला.

खरा धोका वेगळाच आहे. सात जण तटस्थ राहिले तर बाजूने आठच मतं उरतात आणि एकही विरोध नसताना ठराव पडतो. म्हणून मसुदा मतदानाला नेण्याआधी नऊ नावं पक्की मोजा.

मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये हजेरीला 'प्रेझेंट अँड व्होटिंग' (हजर आणि मतदान करणार) म्हणालात, तर बहुतेक ठिकाणच्या नियमांनुसार ठरावावर तटस्थ राहता येत नाही. ती मोकळीक हवी असेल तर नुसतं 'प्रेझेंट' म्हणा. चर्चा तहकुबीसारख्या कार्यपद्धतीच्या प्रस्तावांवर नकाराधिकार चालत नाही.