चुकायला दुसरा रस्ताच नाही

डेम्प्स्टर हायवेवर रस्ता चुकता येत नाही. कॅनडाच्या युकॉनमधलं डॉसन सिटी साधारण चाळीस किलोमीटरवर राहिलं की हा रस्ता फुटतो आणि सातशे चाळीसेक किलोमीटर खडी तुडवत उत्तरेला इनुविकला जातो. २०१७ पासून तो त्याही पुढे, आर्क्टिक महासागराच्या काठी तुक्तोयाकतुकपर्यंत पोचतो. पहिला पेट्रोलपंप लागतो ३६९व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सवर. हॉटेल तिथेच, जेवण तिथेच, पंक्चरवालाही तिथेच. म्हणजे ठरवण्यासारखं काही उरलेलंच नाही. आणि तरी आमच्या घरात कित्येक रविवार या रस्त्याची सहल ठरवण्याशिवाय दुसरं काहीच चाललेलं नाही.

भाऊजींनी एक्सेल केलंय. त्यात 'राहण्याचे पर्याय' असा कॉलम आहे आणि पहिल्या रात्रीपुढे लिहिलंय, ईगल प्लेन्स. दुसऱ्या पर्यायात तंबू. तिसऱ्यात, गाडी. 'जेवणाचे पर्याय' हा कॉलम त्यांनी पिवळा रंगवून ठेवलाय, कारण तो भरायला त्यांचं मन धजावत नाही.

"येताना दुसऱ्या रस्त्याने येऊ या का?" जाऊबाईंनी विचारलं. "तेच तेच दोनदा काय बघायचं?"

"दुसरा रस्ता नाहीये गं."

"गूगलवर नीट बघितलंत का, वहिनी?"

मग सगळ्यांनी आपापल्या फोनवर नीट बघितलं. नव्हता.

सासूबाईंचे प्रश्न त्या मानाने मुद्द्याचे असतात. "तिथे बघायचं काय?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "जंगल आहे, आई." "आणि पुढे?" "पुढे झाडं खुरटी होत जातात." "आणि त्याच्या पुढे?" "त्याच्या पुढे झाडंच नाहीत." आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे स्थळ मीच आणलंय.

जून की ऑगस्ट, यावर घरात उभी फूट पडली. ४०५व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं आणि जूनमध्ये तिथून पुढे सूर्य मावळतच नाही. नवऱ्याला तो बघायचाय. "मग माझ्या रात्रीच्या गोळ्या घ्यायच्या कधी?" या आईंच्या प्रश्नावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. जाऊबाई ऑगस्टअखेरच्या बाजूने आहेत: टुंड्रा लालभडक होतो आणि डास कमी असतात. डासांचं त्यांनी फारच मनावर घेतलंय. अस्वलाच्या स्प्रेबद्दलही त्यांनी विचारलं, "हा आधी अंगाला लावायचा की कपड्यांना?" तो अस्वलाच्या तोंडावर मारायचा असतो आणि त्यासाठी अस्वल पुरेसं जवळ यावं लागतं, हे कळल्यापासून त्यांचा सूर जरा उतरलाय. विमानातून तो नेता येत नाही, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला उतरल्यावरच घ्यायचा, हे मी अजून सांगितलेलं नाही. एका रविवारी एवढं पुरे.

सामानावरून मात्र खरी जुंपली. नवऱ्याचं तत्त्व एकच: कमी सामान, झटपट प्रवास. एरवी मी गप्प बसले असते, पण हा रस्ता ज्यांच्या नावाचा आहे त्या विल्यम डेम्प्स्टरबद्दल मी वाचलं होतं. ते घोडदळ पोलिसांतले. १९११ मध्ये ते आपल्याच एका बेपत्ता तुकडीच्या शोधात निघाले होते. फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघालेल्या त्या चौघांनी लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला होता आणि वाट जाणणाऱ्या, तिथल्याच ग्विचिन जमातीच्या वाटाड्याला मध्येच परत पाठवलं होतं. वाट सापडली नाही, ते मागे फिरले आणि परतीत चौघेही गेले. एवढं सांगितल्यावर घरात शांतता पसरली. आता शेंगदाण्याच्या पाकिटालाही कुणी जास्तीचं म्हणत नाही.

"डांबर का नाही टाकत पण?" भाऊजी अधूनमधून कळवळून विचारतात. खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते, ती वितळली तर रस्ता खचेल. म्हणून खडीचा जाडजूड थर घालून तिला थंड ठेवलंय. खडी कसली, धारदार कपच्याच त्या, टायर कापतात. जाणारे लोक एक नाही, दोन स्टेपन्या नेतात.

इथे भाड्याच्या गाडीचं प्रकरण येतं. पहिल्या कंपनीच्या करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं, खडीच्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा रद्द. म्हणजे त्या गाडीने आम्ही डेम्प्स्टरच्या तोंडाशी जाऊन त्याचे फोटो काढू शकलो असतो. पुष्कळ फोनाफोनीनंतर व्हाइटहॉर्सची एक कंपनी तयार झाली. दोन स्टेपन्यांचा ट्रक. विम्यात सगळं येतं. समोरची काच, टायर आणि गाडीची खालची बाजू सोडून. म्हणजे खडी वरून पडली तर पैसे मिळतील. भाडं ऐकून नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेला.

आता राहिल्या नद्या. पील आणि मॅकेन्झी, दोन्हींवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि मधल्या काळात, म्हणजे बर्फ धरताना आणि फुटताना, काहीच नाही. फेरी फुकट आहे, पण तिचं बुकिंग होत नाही, यावर भाऊजींचा अजून विश्वास बसलेला नाही. "वेळ तरी?" "जाऊन रांगेत उभं राहायचं." "आणि पाणी चढलं तर?" "फेरी बंद. थांबायचं." "किती?" एक्सेलमध्ये त्यांनी तिथे पंचेचाळीस मिनिटं धरलीत.

व्हाइटहॉर्सच्या बाईंनी शेवटी फॉर्म भरायला घेतला. नाव झालं, लायसन्स झालं. गाडी परत कधी देणार? मी भाऊजींच्या एक्सेलमधून वाचून दाखवलं, अमुक तारखेला दुपारी साडेतीन वाजता. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग बाई अगदी मायेने म्हणाल्या, "मी आठवडा लिहिते हं."